नाव नसलेला वादक

कलावंताच्या जीवनावर लिहिलेली कादंबरी म्हटली की तिचा एक ठरीव साचा वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. लहानपणीच प्रकट झालेली उपजत देणगी, घरच्यांचा विरोध, पोटाची ओढाताण, एखादे विफल प्रेम, आणि शेवटी एक तर टाळ्यांचा कडकडाट, नाही तर अकाली मरण. अशा कादंबरीत दोष नेहमी जगाकडे असतो आणि कलावंत नेहमी निर्दोष असतो. आम्ही शिक्षक मंडळीही हाच साचा कळत-नकळत विद्यार्थ्यांच्या हाती देत असतो.

येथे ज्या कादंबरीचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे, तिच्यात या साच्यातील बहुतेक सामग्री आहे. परंतु ती वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोहोचते. तिचा नायक उपाशी मरत नाही. तो चांगला धनवान होतो. त्याची कला कोणी हिरावून घेतलेली नाही. त्याने स्वतःच ती एका लहानशा पेटीत घालून ठेवलेली आहे. आणि तरीही जग निर्दोष आहे असे मुळीच नाही. जग घोर अपराधी असताना कलावंताकडे काही जबाबदारी उरते की नाही, हा या कादंबरीचा खरा प्रश्न होय. आणि तो सोपा नाही म्हणूनच ही लहानशी कृती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

'दि ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन एक्स-कलर्ड मॅन', म्हणजे 'एका माजी कृष्णवर्णीयाचे आत्मचरित्र', हे पुस्तक १९१२ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. ते खरेखुरे आत्मचरित्र आहे असा अनेक वाचकांचा समज झाला, आणि तसा तो व्हावा अशीच लेखकाची इच्छा होती. पुढे १९२७ साली निघालेल्या नव्या आवृत्तीवर जेम्स वेल्डन जॉन्सन हे नाव आले. जॉन्सन यांचा जन्म १८७१ साली फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाला. ते शिक्षक होते, वकील होते, आपले संगीतकार बंधू रोझमंड यांच्यासमवेत न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी गीते रचणारे कवी होते, व्हेनेझुएला आणि निकाराग्वा या देशांत अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. १९२० पासून दहा वर्षे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे ते मुख्य कार्यवाह होते. १९३३ साली त्यांनी 'अलाँग धिस वे' हे आपले खरे आत्मचरित्र लिहिले; कादंबरीतील नायक म्हणजे आपण नव्हे हे लोकांना पटवून देणे, हाही त्यामागील एक हेतू होता. १९३८ साली त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

हा तपशील आम्ही विस्ताराने दिला तो केवळ परिचयासाठी नव्हे. ज्या गृहस्थाने आयुष्यभर आपले नाव आणि आपला वंश उघडपणे मिरविला, त्याने वंश लपविणाऱ्या माणसाची कथा निनावी राहून लिहिली, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

कथानक थोडक्यात असे. यादवी युद्ध संपल्यावर काही वर्षांनी जॉर्जिया राज्यात जन्मलेल्या या मुलाचा बाप श्रीमंत गोरा गृहस्थ आहे. आई कृष्णवर्णीय, परंतु उजळ वर्णाची. बापाचे लग्न त्याच्या बरोबरीच्या घराण्यात ठरताच मायलेकरांची रवानगी उत्तरेकडे कनेक्टिकट राज्यात होते. तेथे आई शिवणकाम करून संसार चालविते. मुलगा दिसावयास गोरा. आपण गोरेच आहोत अशी त्याची निःशंक समजूत. एके दिवशी शाळेचे मुख्याध्यापक वर्गात येतात आणि काही कारणाने गोऱ्या मुलांनी उभे राहावे असे सांगतात. हा उभा राहतो. वर्गाच्या बाई त्याला शांतपणे सांगतात की तू खाली बैस, आणि दुसऱ्यांबरोबर ऊठ. तो घरी धावत जातो, आरशासमोर उभा राहून आपला चेहरा पुनःपुन्हा न्याहाळतो, आणि मग आईला विचारतो.

येथून पुढे आईचा मृत्यू, अ‍ॅटलांटाच्या विद्यापीठात जाण्याचा विफल प्रयत्न, जॅक्सनव्हिलच्या चिरूट-कारखान्यातील नोकरी, न्यूयॉर्कच्या एका क्लबातील पियानोवादन, एका लक्षाधीश गोऱ्या आश्रयदात्याबरोबर केलेला युरोपचा प्रवास, आपल्या लोकांचे संगीत गोळा करण्यासाठी दक्षिणेत परतणे, आणि तेथे जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला जिवंत जाळल्याचे दृश्य प्रत्यक्ष पाहणे, अशा पायऱ्यांनी कथा पुढे जाते. त्या दृश्यानंतर तो ठरवितो की आपण काळे आहोत असे म्हणावयाचे नाही आणि गोरे आहोत असेही म्हणावयाचे नाही. नाव बदलावयाचे, मिशी ठेवावयाची, आणि जग जे समजेल ते समजू द्यावयाचे. जग त्यास अर्थातच गोरा समजते. तो न्यूयॉर्कमध्ये व्यापारात पैसा मिळवितो, एका गोऱ्या स्त्रीशी विवाह करितो, दोन मुलांचा बाप होतो, विधुर होतो. आणि आपले हे रहस्य कागदावर उतरवीत असताना आपल्याला भेटतो.

अमेरिकेत या प्रकाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'पलीकडे निघून जाणे' असा होतो. मराठीत त्याहून नेमका शब्दप्रयोग आहे, आणि तो आम्हांस कोशातून शोधावा लागत नाही. 'जात चोरणे' हा तो प्रयोग होय. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि हे दोन शब्द आपल्या साहित्यात कायमचे कोरले गेले. रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला त्यातील तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात लपवितो, आणि ती उघडकीस येताच मार खातो. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हापासून या दोन भूमींतील दुःखाचे नाते मराठी वाचकास ठाऊक आहे. तरीही दोन्ही कृतींतील भेद लक्षात घेतला पाहिजे. बागुलांच्या नायकाची चोरी पकडली जाते, आणि पकडले जाण्यातूनच त्याच्या अंगी एक जळजळीत भान येते. जॉन्सन यांच्या नायकाची चोरी कधीच पकडली जात नाही. त्याला शिक्षा होते ती यशाची. म्हणूनच त्याची कथा कमी रक्तबंबाळ आणि अधिक उदास आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतो. या कादंबरीचा जो अर्थ सामान्यतः सांगितला जातो तो असा, की नायकाने आपला वंश लपविला आणि म्हणून त्याने आपले स्वत्व गमाविले. हे खरे आहे; पण ते पुरेसे नाही. हा नायक एखादा कारकून किंवा दुकानदार असता तरीही एवढे म्हणता आले असते. तो वादक आहे. लेखकाने त्याला वादकच का केले, हा प्रश्न विचारल्याशिवाय या कादंबरीचे मर्म हाती लागणार नाही. आमच्या मते वाजविणाऱ्यास एक प्रश्न चुकवता येत नाही: आपण कोणासाठी वाजवितो? वंश लपविता येतो, नाव बदलता येते. पण वादनाला ऐकणारा लागतोच. कादंबरीतील प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर हा प्रश्न नायकासमोर उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी तो निराळे उत्तर देतो. शेवटचे उत्तर 'कोणासाठीही नाही' असे आहे.

पहिली श्रोती आई. ती चर्चची गाणी पुस्तकावरून वाजविते. परंतु दक्षिणेतील जुनी गाणी मात्र पुस्तक मिटून, कानाच्या आधाराने वाजविते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे पालटते ते मुलाला दिसते, पण त्याचा अर्थ कळत नाही. तो शेजारी उभा राहून मध्येच आपले विचित्र स्वर मिसळतो, आणि पियानोच्या काळ्या पट्ट्यांची आपल्याला विशेष ओढ होती असे निवेदक नमूद करितो. ही सूचना लेखकाने इतक्या सहजपणे केली आहे की घाईने वाचणाऱ्याच्या ती नजरेतूनच सुटावी. मुलाची बोटे जे जाणत होती ते त्याच्या बुद्धीला पुष्कळ वर्षांनी कळणार होते.

याच बालपणात बापाने दिलेली एक भेट आहे. दहा डॉलरचे सोन्याचे नाणे. त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवून बाप ते मुलाच्या गळ्यात बांधतो. हे नाणे आपण बहुतेक आयुष्यभर जवळ बाळगले असे नायक सांगतो, आणि ते दुसऱ्या एखाद्या रीतीने बांधले असते तर बरे झाले असते अशी खंतही व्यक्त करितो. भोक पडलेले नाणे गळ्यात शोभते, पण बाजारात चालत नाही. या मुलाच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्याच्या अंगावरचा वंशाचा व्रण कोणास दिसत नाही आणि तो सर्वत्र चालतो. जगात चालणे हीच त्याची विद्या बनते, आणि आमच्या समजुतीने हाच त्याच्या व्यथेचा उगम होय.

जॅक्सनव्हिलच्या प्रकरणाकडे या दृष्टीने पाहावे. क्युबन कामगारांच्या सहवासात तो थोड्याच काळात स्पॅनिश इतकी चांगली शिकतो की चिरूट वळणाऱ्या कामगारांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखविणाऱ्या वाचकाची जागा त्याला मिळते. दुसऱ्याचे बोलणे आपल्या मुखातून तंतोतंत उमटविणे हे त्याचे असामान्य कौशल्य आहे. संगीतातही तेच. न्यूयॉर्कच्या क्लबात तो प्रथम रॅगटाइम ऐकतो. या वादनप्रकाराची कल्पना आपल्या वाचकांस द्यावयाची तर असे म्हणता येईल की डावा हात ठेका धरून बसतो आणि उजवा हात मात्रेची जागा हुलकावून आडीने बोल टाकीत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेला हा प्रकार. स्कॉट जॉप्लिन याची 'मेपल लीफ रॅग' ही प्रसिद्ध रचना १८९९ सालची. नायक हे तंत्र लवकरच उचलतो, आणि मेंडेल्सन याच्या लग्नाच्या संचलनगीतासारख्या अभिजात रचना रॅगटाइममध्ये बसवून वाजविण्यात नाव मिळवितो. लोक टाळ्या वाजवितात. पण त्याने केले काय? ज्यांचे संगीत त्यांच्याकडून घेतले आणि ते गोऱ्यांच्या ओळखीच्या वस्त्रात गुंडाळून परत दिले. ही चमत्कृती होती. तिला स्वतःचा सूर नव्हता.

यानंतर येतो लक्षाधीश आश्रयदाता. तो उदार आहे, सभ्य आहे, नायकास मित्रासारखे वागवितो. आणि तरीही या कादंबरीतील सर्वांत भीतिदायक पात्र तोच आहे असे आम्हांस वाटते. तो रात्री-अपरात्री नायकास उठवून तासन्‌तास वाजवावयास लावितो आणि स्वतः निश्चल बसून ऐकत राहतो. कधीकधी तो आपल्या स्नेह्यांकडे त्याला 'उसना' देतो. वाद्य उसने द्यावे तसा वादक उसना दिला जातो. आणि गुलामांच्या खरेदी-विक्रीचा काळ संपून तेव्हा एक पिढीच उलटली आहे, याची आठवण लेखक मुद्दाम करून देत नाही. त्या श्रीमंताला संगीत हवे असते ते काळाचा भार विसरण्यासाठी. पुढे काही वर्षांनी त्याने आत्मघात केला असे निवेदक जाता जाता सांगून टाकतो. ज्याच्यासाठी आपण वाजवीत होतो त्याला आपले वादन वाचवू शकले नाही, हे शल्य नायकाला बोचत नाही. वाचकाला मात्र बोचते.

पॅरिसच्या संगीतनाट्यगृहातील प्रसंग याच काळातला. गूनोचे 'फाउस्ट' चालू आहे. शेजारच्या सुंदर तरुणीकडे नायकाचे लक्ष जाते; मग तिच्या पलीकडे बसलेल्या गृहस्थाकडे पाहताच त्याला कळते की हा आपला बाप, आणि ती आपली बहीण. तो ओळख देऊ शकत नाही, बसूनही राहू शकत नाही. सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची कथा रंगमंचावर चालली असताना हा प्रसंग घडावा, यात लेखकाची योजना उघड आहे. तथापि तिचा गवगवा त्याने केलेला नाही.

बर्लिनमध्ये कथेला वळण मिळते. एका मैफलीत नायक रॅगटाइम वाजवितो, तेव्हा एक जर्मन वादक त्याला बाजूस सारून पियानोवर बसतो, तोच विषय घेतो आणि अभिजात संगीताच्या नाना रीतींनी त्याचा विस्तार करून दाखवितो. नायक थक्क होतो. आपल्या लोकांच्या संगीतातून थोर रचना करता येईल, आणि ते आपले जीवितकार्य आहे, असा साक्षात्कार त्याला होतो. बहुतेक टीकाकार या प्रसंगाला नायकाच्या आत्मशोधाचा उच्चबिंदू मानतात. आम्हांस त्यात एक तडा दिसतो. आईने जे कानावर घातले, क्लबातील अशिक्षित वादकांनी जे समोर ठेवले, त्याचे मोल त्याला तेव्हा कळले नाही. युरोपातील एका गोऱ्याने त्यावर मोहोर उमटविल्यावर कळले. शिवाय कृष्णवर्णीय रचनाकार म्हणून आपण किती मोठे होऊ, हा हिशेबही त्या निश्चयात मिसळलेला आहे. नायक तो प्रांजळपणे कबूल करितो. हा प्रांजळपणा निवेदकाचा सर्वांत मोठा गुण आहे; दुर्दैव एवढेच की कबुली देणे म्हणजे दुरुस्ती करणे, असा त्याचा समज आहे.

दक्षिणेतील धर्ममेळ्याचे प्रकरण हे या कादंबरीचे हृदय होय. तेथे जॉन ब्राऊन नावाचा उपदेशक आहे, आणि त्याहून महत्त्वाचा एक गायक आहे, त्याला सारे 'सिंगिंग जॉन्सन' म्हणतात. एका डोळ्याचा हा माणूस हातात पुस्तक न घेता शेकडो लोकांच्या गाण्याचे नेतृत्व करितो. प्रवचन कोणत्या वळणावर आले आहे हे ओळखून नेमके त्याच भावाचे गीत तो उचलतो, उपदेशकाचे बोलणे लांबले तर गीतानेच त्याला सावरतो, प्रसंग पडल्यास नवीन ओळी रचितो. आपल्या कीर्तनातील ज्येष्ठ टाळकरी बुवांची वाट ओळखून अभंग उचलतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दृश्याचे सामर्थ्य अधिक सांगावयास नको. असा गायक लेखकाने बालपणी खरोखरच पाहिला होता. १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्पिरिच्युअल' गीतांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याची आठवण आदराने लिहिली आहे.

या दृश्यात नायक काय करीत असतो? तो टिपणे घेत असतो. त्याचे डोळे ओलावतात हे खरे. पण हात वहीवर असतो. येथे आमचा आशय कोणी विपरीत घेऊ नये. मुखोद्गत संगीत कागदावर उतरविणे हा दोष आहे असे आम्ही कसे म्हणू? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या गायकांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपाने सर्वांच्या हाती दिल्या. १९१६ साली बडोद्यास भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस स्थापन झालेले माधव संगीत महाविद्यालय ही त्याच ध्यासाची फळे होत. त्या स्वरलिपीविषयी मतभेद असतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. जे घेतले ते त्यांनी परत दिले. संग्राहक आणि अपहारक यांच्यातील भेद वहीत नसतो. त्या वहीचे पुढे काय झाले यात असतो. कादंबरीच्या नायकाची वही पेटीत गेली. उलट लेखक जॉन्सन यांनी बंधूंच्या साहाय्याने १९२५ आणि १९२६ साली त्या गीतांचे दोन खंड जगापुढे ठेवले. नायकाने जे टाकले ते लेखकाने उचलले. सबंध कादंबरीवर याहून मोठे भाष्य दुसरे नाही.

परंतु एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे अन्यायाचे होईल. कारण धर्ममेळ्यानंतर लगेच ते जाळण्याचे दृश्य येते. त्या माणसाचा अपराध काय होता हे कोणी विचारीत नाही. जमावात प्रतिष्ठित माणसे आहेत, आणि ते पाहण्यास लोक दुरून आले आहेत. लेखकाने हे वर्णन थोड्या वाक्यांत उरकले आहे. अशा हत्यांविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा म्हणून पुढे स्वतः जॉन्सन वॉशिंग्टनमध्ये झटले. १९२२ साली ते विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडविले गेले. तसा केंद्रीय कायदा अखेर झाला तो २०२२ साली. शंभर वर्षे! ही संख्या ज्याच्या ध्यानी आहे तो त्या आगगाडीत बसून न्यूयॉर्ककडे पळणाऱ्या तरुणास भेकड म्हणण्यास धजणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

मात्र नायक स्वतःच आपल्या पळण्याचे जे कारण देतो ते लक्षपूर्वक वाचले पाहिजे. ते भीतीचे नाही आणि निराशेचेही नाही; ते लाजेचे आहे. ज्या लोकांना जनावरांहून हीन वागविले तरी कोणास शिक्षा होत नाही, अशा लोकांपैकी आपण आहोत याची त्याला लाज वाटते. लाज वाटावयास हवी होती ती जाळणाऱ्यांना. ती त्यांना वाटली नाही. ती पाहणाऱ्याच्या अंगाला येऊन चिकटली. अत्याचाराचा हा सर्वांत गूढ परिणाम या कादंबरीने जितक्या स्वच्छपणे दाखविला आहे तितका आमच्या वाचनात क्वचितच आला आहे. आणि येथेच संगीताचा संबंध पुन्हा येतो. आदल्या काही दिवसांत जो शेकडो कंठांबरोबर एकदा तरी मोकळेपणाने गायला असता, त्याला कदाचित क्रोध आला असता, शोक झाला असता. जो टिपणे घेत होता त्याला लाज वाटली. ते लोक त्याच्यासाठी अजून विषयच होते. आपले झालेले नव्हते. भीतीने माणूस जीव वाचवितो. लाजेने तो नाते तोडितो.

पुढील भागात तो संगीत सर्वस्वी सोडतो असे नाही. तो दिवाणखान्यात शोपॅंच्या रचना वाजवितो, आणि त्याच संगीताच्या योगाने पत्नी मिळवितो. वादन आहे; पण ते आता सुसंस्कृत गृहस्थाचे भूषण आहे. एके ठिकाणी त्याचा शाळासोबती भेटतो, ज्याला सारे 'शायनी' म्हणत. बुद्धिमान, उघड कृष्णवर्णीय, आता अध्यापक झालेला. नायकाबरोबरची गोरी स्त्री पाहून तो सारी परिस्थिती ओळखतो, आणि आपल्या बोलण्यातून मित्राचे रहस्य फुटू देत नाही. ज्यांना सोडून आपण आलो त्यांच्यापैकीच एकाने आपली लाज राखावी, हा प्रसंग आम्हांस कादंबरीतील अत्यंत हृद्य प्रसंगांपैकी वाटतो. या एका कृतीने शायनी नायकाहून उंच ठरतो, आणि ते नायकासही कळते.

या कृतीत दोष नाहीत असे नव्हे. कृष्णवर्णीय समाजाचे तीन वर्ग पाडून दाखविणारे, रंगभेदाच्या प्रश्नावर आगगाडीच्या डब्यात लांबलचक वाद मांडणारे भाग निबंधासारखे झाले आहेत, आणि कथेचा ओघ तेथे थांबतो. क्लबातील धनिक विधवेचा खून नाटकी आहे. आई सोडल्यास एकाही स्त्रीला स्वतंत्र मन नाही. पत्नी तर केवळ गौरवर्ण आणि मंजुळ आवाज यांपुरतीच आहे. नायक गरीब कृष्णवर्णीयांविषयी ज्या वरिष्ठपणाने बोलतो तो कित्येकांना खटकतो. या शेवटच्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे. तो वरिष्ठपणा नायकाचा आहे, लेखकाचा नव्हे. आणि निबंधासारखे ते भागही पुष्कळसे याच माणसाच्या स्वभावातून आले आहेत. जो आपल्या माणसांमध्ये राहत नाही तो त्यांचे वर्गीकरण करितो.

निनावी प्रसिद्धीचा मुद्दाही येथे उलगडतो. काल्पनिक कथा खऱ्या आत्मचरित्राच्या रूपाने वाचकांत वावरली. म्हणजे नायकाने जे समाजात केले तेच पुस्तकाने साहित्यात केले. १९१२ सालच्या वाचकाने ती कबुली खरी मानली, आणि आपल्या शेजारी बसणारा, आपल्याशी व्यापार करणारा, आपल्या घरी पियानो वाजविणारा कोण आहे याविषयी त्याच्या मनात शंका उत्पन्न झाली. रंग डोळ्यांनी ओळखता येतो, या श्रद्धेवरच जी व्यवस्था उभी होती तिला असा धक्का देण्यास याहून चांगली युक्ती नव्हती. लेखकाने मात्र वेळ येताच मुखवटा उतरविला आणि नाव दिले. नायकाला ते कधीच साधले नाही. सबंध पुस्तकात आपल्याला त्याचे नाव कळत नाही; जुने नाही आणि बदललेलेही नाही.

शेवटी तो आपल्या पेटीतील पिवळ्या पडलेल्या हस्तलिखितांकडे पाहतो आणि बायबलातील त्या थोरल्या भावाशी स्वतःची तुलना करितो, ज्याने भुकेच्या वेळी मसुरीच्या वरणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला. तुलना यथार्थ आहे. परंतु तीत एक उणीव राहते. त्या भावाने जे विकले ते त्याचे एकट्याचे होते. या वादकाने पेटीत ठेवले ते त्याच्या एकट्याचे नव्हते. त्यात आईची गाणी होती, सिंगिंग जॉन्सनची होती, नावे न उरलेल्या कित्येकांची होती. त्याची दोन मुले गोरी म्हणून वाढत आहेत. त्यांच्या सुखासाठी तो मौन पाळतो, आणि ते मौन कोणत्याही पित्याला समजण्यासारखे आहे. पण आजीची ती गाणी या मुलांच्या कानी पडतात असे कादंबरीत कोठेही आलेले नाही.

आमच्या अनेक वाचकांना रोज वर्गात उभे राहावे लागते. हजेरीपटावर आणि दाखल्यांवर जे रकाने असतात ते आम्ही भरतो, आणि कधीकधी, चांगल्या हेतूने सुद्धा, अमुक मुलांनी उभे राहावे असे म्हणतो. या कादंबरीतील बाई दुष्ट नव्हत्या. त्या मृदुपणे बोलल्या. पण त्या दिवशी आरशासमोर जाऊन उभा राहिलेला मुलगा आयुष्यभर तेथून हललाच नाही. आपल्या वर्गात एखादे मूल गाणारे असेल. ते काय गाते याबरोबरच ते गाणे त्याला कोणाकडून मिळाले, हे आपण त्याला एकदा विचारावे, आणि ते नाव त्याने मोठ्याने सांगितल्यावर वर्गाने ते नीट ऐकून घ्यावे. ही कादंबरी वाचल्यावर निदान एवढे तरी आपल्या हातून व्हावे.